खेळ राहू द्या, दुकान बंद करा

पत्र थोडक्यात असं: "माझ्या सासूबाई 71 वर्षांच्या आहेत. त्यांनी 32 वर्षं शाळेत गणित शिकवलं. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात पत्त्यांचा जोडसुद्धा नव्हता. 'वेळ काय असा उधळायचा असतो का' म्हणायच्या. आता दोन वर्षांपासून मोबाइलवर रंगीत गोळ्या जुळवत बसतात. दुपारी, रात्री मालिका चालू असताना, कधी ताट वाढल्यावरही. गेल्या महिन्यात त्यांच्या फोनमधून तीन वेळा मिळून 747 रुपये गेले. विचारलं तर म्हणाल्या, 'मी काही घेतलं नाही गं, पुढे जायचं बटण दाबलं फक्त.' ह्यांचं म्हणणं, गेम काढून टाक. मला बोलायला तोंड नाही, कारण वनाज ते कल्याणीनगर मेट्रोत मीही तेच खेळते. एवढ्या शहाण्या बाईला त्यात काय सापडलं असेल? हे व्यसन आहे का? आणि पैसे जायचे कसे थांबवू?" — कोथरूडहून एक वाचक

ताई,

सासूबाई खोटं बोलत नाहीयेत. आपण काही विकत घेतोय हे त्यांना जाणवलंच नसणार, कारण जाणवू नये अशाच बेताने ते बटण तिथे ठेवलेलं असतं. पैशांकडे येतोच. त्याआधी एक विनंती: गेम उडवायची घाई करू नका. दोन वर्षं नेमाने खेळणारी व्यक्ती बरीच पुढच्या लेव्हलवर असते. गेम कुठल्या खात्याला जोडलेला नसेल, तर ॲप काढल्यावर ती सगळी मजल पुसली जाऊ शकते. मग दोन दिवस अबोला, तिसऱ्या दिवशी नातवाकडून पुन्हा डाउनलोड, आणि गेलेलं भरून काढण्यासाठी आधीच्या दुप्पट खेळ. शिवाय पैसे वाचतीलच असंही नाही. गेमचं एखादं सबस्क्रिप्शन चालू असेल तर ॲप काढून ते बंद होत नाही, वेगळं जाऊन रद्द करावं लागतं.

तुम्ही नाव लिहिलेलं नाही, पण वर्णनावरून हा तीन सारखे जुळवायचा गेम आहे. या घराण्यातला सगळ्यात गाजलेला कँडी क्रश 2012 सालचा. त्याच्या आधी, 2001 मध्ये, बिज्वेल्ड आला होता, आणि आता त्यांची भावंडं मोजण्यापलीकडे गेली आहेत. आतली यंत्रणा बहुतेकांची सारखीच. स्क्रीनवरच्या त्या एका चिन्हामागे दोन गोष्टी बसलेल्या असतात, एक खेळ आणि एक दुकान. खेळ चांगला आहे. दुकान चलाख आहे. घरातलं भांडण होतं ते दोन्हींना एकच नाव दिल्यामुळे.

आधी खेळ. शेजारच्या दोन गोळ्यांची अदलाबदल करायची, एका रंगाच्या तीन ओळीत आल्या की त्या फुटतात, वरच्या खाली घसरतात, रिकामी जागा नव्या गोळ्या भरतात. नियम संपले. हे शिकायला वाचता यावं लागत नाही, इंग्रजी यावं लागत नाही. टीव्हीला जोडायच्या गेमच्या रिमोटवर दहाबारा बटणं असतात आणि त्यांची सवय व्हायलाच आठवडे जातात. इथे एक बोट पुरतं. लाखोंना आवडलेल्या छोट्या गेमचा इतिहास बघितला तर हेच दिसतं. 1984 मध्ये मॉस्कोत तयार झालेला टेट्रिस चार-पाच बटणांवर चालतो. 1990 मध्ये विंडोजबरोबर सॉलिटेअर, म्हणजे आपला पेशन्स, देण्यात आला. माऊसने एखादी वस्तू उचलून दुसरीकडे कशी ठेवायची याचा सराव लोकांना खेळता खेळता होत गेला आणि मग देशोदेशीच्या कार्यालयांत तो फायलींच्या मागे लपून खेळला गेला. 1997 मध्ये नोकिया 6110 वर साप आला. यांतल्या एकाही खेळासोबत माहितीपुस्तिका वाचावी लागली नाही.

सोपेपणापेक्षाही मोठं कारण मात्र वेगळं आहे, आणि त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. हा खेळ कधीही अर्धवट टाकता येतो. बहुतेक लेव्हलना घड्याळ नसतं, मूव्ह मोजलेल्या असतात. 25 मूव्ह दिल्या असतील तर त्या तीन मिनिटांत वापरा नाहीतर तीन तासांत. कुकरची शिट्टी झाली, फोन उलटा ठेवला, गॅस बारीक केला, परत आलं, गोळ्या होत्या तिथेच आहेत. कुणी दार वाजवलं, सिलिंडरवाला आला, नातू शाळेतून आला, खेळ खोळंबत नाही आणि रुसतही नाही. कादंबरीचं तसं नसतं. दहा ठिकाणी तुटलेल्या दुपारी ती वाचताच येत नाही, प्रत्येक वेळी मागची दोन पानं पुन्हा वाचावी लागतात. ज्यांचा वेळ दुसऱ्यांच्या हाकेवर तुटतो, त्यांना हे खेळ जवळचे वाटतात. तुमचंही तसंच असणार. नळ स्टॉप ते डेक्कन एवढ्यात एक लेव्हल होते, सिव्हिल कोर्टला गाडी बदलणाऱ्यांची गर्दी चढली की फोन पर्समध्ये, बंडगार्डनला पुन्हा बाहेर.

आता सासूबाईंच्या बाजूने बघा. 32 वर्षं त्यांनी जे काम केलं त्यात प्रत्येक गोष्टीला शेवट होता. गणित सुटलं की नाही ते कळायचं, वही तपासून झाली की गठ्ठ्यात जायची, तास संपला की घंटा व्हायची. निवृत्तीनंतरच्या कामांना असा शेवट नसतो. औषधं रोजचीच, बँकेचं केवायसी पुन्हापुन्हा, गुडघा थोडा बरा थोडा दुखरा. त्यात दर चार-पाच मिनिटांनी एक छोटं काम हाती येतं, त्याला स्पष्ट लक्ष्य असतं, ते पुरं झाल्याचं लगेच कळतं, आणि वर शाबासकी मिळते. कँडी क्रशमध्ये तर एक घोगरा, भारदस्त पुरुषी आवाज चक्क 'स्वीट', 'डिव्हाइन' असं म्हणतो. आयुष्यभर जिने दुसऱ्यांना शाबास म्हटलं, तिला या वयात रोज शाबास म्हणणारं घरात कोण असतं? हा टोमणा नाही. पण उत्तराचा मोठा भाग इथे आहे.

गणिताच्या शिक्षिकेला आणखी एक गोष्ट धरून ठेवत असेल. वरवर बाळबोध दिसला तरी खेळात विचाराला जागा आहे. चार ओळीत जुळवल्या तर पट्ट्यांची गोळी मिळते, ती अख्खी ओळ उडवते. एल किंवा टी आकारात पाच जुळवल्या तर आसपासचं सगळं फोडणारी गोळी मिळते. सरळ ओळीत पाच जुळवल्या तर एका रंगाच्या सगळ्या गोळ्या गायब करणारा गोळा. खेळायला बसलेला माणूस पहिल्या दिसलेल्या तिनांवर बोट ठेवत नाही. चार किंवा पाच कुठे जमतील ते शोधतो, आणि शक्यतो पटाच्या खालच्या भागात चाल करतो, कारण खाली फोडलं की वरचं जास्त घसरतं आणि आपोआप जुळण्या होतात. या आपोआप होणाऱ्या जुळण्यांतच खरी गोम आहे. नव्या गोळ्या कुठल्या पडतील हे कुणालाच माहीत नसतं. तरी एका चालीने सातआठ वेळा धडाधड फुटलं की ते आपल्यालाच सुचलं असं वाटतं, आणि लेव्हल हरली की गोळ्याच वाईट पडल्या असं वाटतं. जिंकलं तर डोकं माझं, हरलं तर नशीब खोटं. ज्या खेळात कौशल्य आणि नशीब असं मिसळलेलं असतं, तो सोडवत नाही. आपल्या झब्बूत, रमीत, कवड्यांच्या चल्लसमध्येही हेच आहे.

इथपर्यंत सगळं ठीक. आता दुकान.

ॲपलने ऑक्टोबर 2009 मध्ये फुकट ॲपच्या आत विक्री करायला परवानगी दिली आणि या धंद्याचं गणित फिरलं. तोपर्यंत गेम बनवणाऱ्याचा फायदा तो एकदा विकण्यात होता. आता फायदा तो फुकट वाटण्यात आणि मग आत रोज दार उघडून बसण्यात आहे. हे दार ठराविक ठिकाणीच असतं, ते एकदा ओळखता आलं की निम्मं काम झालं.

पहिलं दार लाइफचं. कँडी क्रशमध्ये 5 लाइफ असतात. हरलात की एक जाते आणि एक परत यायला 30 मिनिटं लागतात. पाचही गेल्या तर पूर्ण भरायला अडीच तास. दुपारी एकला जेवून आडवं व्हावं आणि साडेतीनला उठून बघावं तर लाइफ भरलेल्या, इतकं हे पुण्याच्या दुपारला चपखल बसतं. लाइफ संपणं हा खरं तर खेळाने स्वतःच घातलेला लगाम आहे. पण तो लगाम तुटतो कधी? फोनवर 'तुमच्या लाइफ भरल्या' अशी सूचना येते तेव्हा. बाई भाजी निवडत असतात, विसरलेल्या असतात, आणि फोन बोलावतो. जेवणाच्या ताटावर फोन येण्याचं कारण बहुतेक वेळा ही सूचनाच असते.

दुसरं दार हरण्याच्या क्षणी उघडतं, आणि सासूबाईंनी दाबलेलं बटण ते हेच. 25 मूव्ह संपल्या, दोनच गोळ्या उरल्या होत्या. लगेच चौकट येते: आणखी 5 मूव्ह घ्या, खेळत राहा. मोठ्या, रंगीत अक्षरांत 'खेळत राहा'. बंद करण्याची फुली कोपऱ्यात, बारीक. किंमत रुपयांत नसते, गोल्ड बारमध्ये, म्हणजे आधी रुपये देऊन घ्यायच्या गेमच्या चलनात, असते. जत्रेत आधी काउंटरवर कुपनं घ्यावी लागतात ना, आणि मग 80 रुपयांचा वडा-भजीचा प्रकार 'चार कुपनं' म्हणून स्वस्त वाटतो, शिवाय दोन कुपनं उरतातच, ती वाया जाऊ नयेत म्हणून पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं, तसाच हा हिशेब. विकत मिळणाऱ्या पाकिटातली गोल्ड बारची संख्या आणि वस्तूची किंमत यांचा भागाकार पूर्ण जात नाही. हे सासूबाईंना पाढ्यासारखं समजावून सांगा, त्यांना राग येईल आणि तो कामाचा आहे.

थोडक्यात हरणं हे साफ हरण्यापेक्षा जास्त टोचतं आणि 'एकदाच आणखी' म्हणायला लावतं, हे मानसशास्त्राला जुगाराच्या यंत्रांवरून बऱ्याच आधीपासून माहीत आहे. गेम बनवणारे लेव्हलची अवघडता अंदाजाने ठरवत नाहीत. कोण कुठे किती वेळा हरतं याची नोंद कंपनीकडे जात असते, त्यावरून मूव्ह कमीजास्त केल्या जातात. अवघड लेव्हलच्या पुढे सहसा काही सोप्या पेरलेल्या असतात. अडकणं, सुटका, मग सलग विजय. कँडी क्रशच्या सुरुवातीच्या काळात 65 वी लेव्हल इतकी छळणारी होती की लोक तिच्या नावाने एकमेकांना ओळखायचे. म्हणून एखाद्या लेव्हलवर अडकलं की स्वतःला मठ्ठ समजू नये. तिथे थांबवणं हाच तिचा हेतू असू शकतो, आणि लाइफ खर्च न करता दुसऱ्या दिवशी वेगळ्या गोळ्या पडल्यावर तीच सहज सुटते.

बहुतेक खेळणारे कधीच पैसे देत नाहीत. दुकान चालतं ते थोड्यांच्या पैशांवर आणि बाकीच्यांना दाखवलेल्या जाहिरातींवर.

पैसे थांबवायचे कसे ते आता क्रमाने. सासूबाईंचा फोन अँड्रॉइड असेल असं धरतो. हे त्यांच्या समोर बसून, त्यांना विचारून करा. पाठीमागे केलंत तर पैसे वाचतील पण विश्वास जाईल.

प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडच्या फोटोवर टेकवा, 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स' मध्ये जा. आधी 'सबस्क्रिप्शन्स' बघा. तिथे काही चालू असेल तर रद्द करा, आणि त्याचबरोबर तुमच्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट या नावाचा भाग उघडून तिथेही खात्री करा. मग 'पेमेंट मेथड्स' मध्ये जाऊन कार्ड किंवा यूपीआय काढून टाका. काढायचं बटण बहुधा ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या वेगळ्या पानावर असतं, त्यामुळे ते सापडत नाही म्हणून लोक अर्ध्यावर सोडतात. यानंतर पुन्हा प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये खरेदीसाठी पडताळणी मागणारा पर्याय शोधा ('परचेस व्हेरिफिकेशन' किंवा 'ऑथेंटिकेशन' असं नाव असतं) आणि तो प्रत्येक वेळेसाठी लावा. मध्ये '30 मिनिटांतून एकदा' असाही पर्याय दिसतो, तो घेऊ नका. एकदा बोट टेकवल्यावर पुढचा अर्धा तास दार उघडं राहतं, आणि तीन वेळा पैसे गेले की ते बहुधा अशाच एका बैठकीत गेलेले असतात. 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स' मध्ये 'बजेट' नावाची सोयही आहे. ती फक्त इशारा देते, खरेदी अडवत नाही. तिच्या भरवशावर राहू नका.

बोटाच्या ठशाबद्दल एक: पडताळणी ठशाने होत असेल तर सासूबाईंचं बोट त्यांच्याजवळच आहे, सवयीने टेकवलं जातं. गूगल खात्याचा पासवर्ड ठेवा. टाइप करायला लागलं की माणूस वाचतो.

गेलेल्या 747 रुपयांचं काय? खरेदीनंतर 48 तासांच्या आत प्ले स्टोअरमधूनच परतावा मागता येतो. मुदत उलटून गेल्यावर गेम बनवणाऱ्या कंपनीकडे जावं लागतं, आणि ती पैसे देईलच असं नाही. तुम्हाला महिना उलटलाय, तेव्हा आशा कमी ठेवा, पण विचारून बघा. पुढच्या वेळी दोन दिवस हे लक्षात ठेवा. तुमच्या स्वतःच्या हातात आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये 'स्क्रीन टाइम' सुरू करून त्यातल्या निर्बंधांमध्ये 'इन-ॲप परचेसेस' बंद करता येतात.

सासूबाईंना थोडे पैसे खर्च करायचेच असतील तर तेही करू द्या. निवृत्तिवेतन त्यांचं आहे. महिन्याला 100 रुपयांचं प्ले गिफ्ट कार्ड आणून द्या. संपलं की संपलं, कार्डापर्यंत हात पोचत नाही.

सूचना बंद करणं याहून सोपं आहे आणि फरक त्याने जास्त पडतो. गेमची सूचना आली की तिच्यावर बोट दाबून धरा, बंद करण्याचा पर्याय येतो. पाच सेकंदांचं काम. वेळेची मर्यादा घालायची असेल तर सेटिंग्जमधल्या 'डिजिटल वेलबीइंग' मध्ये त्या ॲपला टायमर लावता येतो. वेळ संपली की चिन्ह करडं होतं आणि मध्यरात्रीपर्यंत उघडत नाही. यात एक चूक हमखास होते. टायमर मधल्या मूव्हवर संपतो, जिंकत आलेली लेव्हल तुटते, आणि चिडून माणूस टायमरच काढून टाकतो. त्यापेक्षा मोजमाप लेव्हलचं ठेवा. एका बैठकीला पाच लेव्हल किंवा एक लाइफ जाईपर्यंत, जे आधी होईल ते. टायमर त्याहून बराच सैल लावा, दोन तासांचा वगैरे, म्हणजे तो रोज आडवा येणार नाही, पण एखाद्या दिवशी घसरगुंडी झालीच तर अडवेल.

लाइफ लवकर मिळाव्यात म्हणून फोनचं घड्याळ पुढे सरकवायची युक्ती नातवंडं आजीला शिकवतात. ती करू देऊ नका. घड्याळ चुकलं की व्हॉट्सॲप कुरकुर करतं, बँकेची ॲप अडतात, आणि औषधाचे गजर भलत्याच वेळी वाजतात किंवा वाजतच नाहीत. घड्याळ मागे आणल्यावर काही गेम पुढची लाइफ कित्येक तासांनी मिळेल असं दाखवून वर शिक्षाही देतात.

जाहिराती हा वेगळा त्रास. 'ही जाहिरात बघा, एक लाइफ मिळवा' हे मान्य असलं तरी त्या 30 सेकंदांत फुलीच्या शेजारी चुकीच्या जागी बोट पडलं की भलतंच ॲप उघडतं. वयस्क माणसांच्या फोनमध्ये नको ती कर्जाची ॲप, फोन 'साफ' करणारी ॲप याच वाटेने शिरतात. महिन्यातून एकदा त्यांच्या फोनमधल्या ॲपची यादी बघून अनोळखी काढून टाका. पैसे लावून रमी किंवा पोकर खेळा अशा जाहिरातींबद्दल मात्र स्पष्ट सांगून ठेवा: ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे. गोळ्या जुळवण्याचा गेम त्यात बसत नाही, कारण तिथे पैसे जातात पण जिंकून परत मिळत नाहीत. दोन्ही प्रकार वेगळे, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असावं.

व्यसनाचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-11 मध्ये, गेमिंग डिसऑर्डर आहे. ती यादी 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. पण नुसत्या तासांवरून हे निदान होत नाही. खेळण्यावर ताबा राहत नाही, इतर आवडी आणि रोजची कामं मागे पडून खेळ पुढे येतो, नुकसान दिसत असूनही तो चालूच राहतो किंवा वाढतो, आणि हे साधारण 12 महिने चालतं, त्यातून माणसाचं घरचं-बाहेरचं जगणं खरंच बिघडतं, तेव्हा. सासूबाईंबद्दल तुम्ही लिहिलंय त्यात ताटावरचा फोन खटकतो, पैसे खटकतात. पण त्या देवळात जातात का, मैत्रिणींना फोन करतात का, औषधं वेळेवर घेतात का, झोप कशी आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि निर्णय त्यावर आहे. हे सगळं पूर्वीसारखं असेल तर व्यसन हा शब्द घरात उच्चारू नका. तो एकदा उच्चारला की पुढचं बोलणं बंद होतं.

या वयात अचानक वाढलेल्या खेळामागे दुसरंच काही असू शकतं, ते आधी तपासा. ऐकू कमी येऊ लागलंय का? मालिकेचे संवाद नीट कळत नाहीत, जेवताना चौघांचं बोलणं एकमेकांत मिसळतं, मग माणूस मान खाली घालून फोनमध्ये जातो आणि घरच्यांना वाटतं की ती आपल्याकडे लक्ष देत नाही. कानाची तपासणी करून घ्या. उदासीनताही अशी दिसू शकते. आणि त्यांना पार्किन्सनसाठी किंवा पायांच्या अस्वस्थतेसाठी प्रामिपेक्सोल वा रोपिनिरोल या जातीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना खेळाबद्दल आणि खर्चाबद्दल नक्की सांगा. या औषधांनी काही जणांमध्ये खरेदी, जुगार, खेळ यांची न आवरणारी ओढ निर्माण होते, हे वैद्यकात नोंदलेलं आहे. गोळी आपल्या मनाने मात्र बंद करू नका. नुसतं बोलायला कुणी हवं असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

डोळे आणि हात यांचं थोडक्यात. स्क्रीनकडे टक लावली की पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात; 20 मिनिटांनी 20 सेकंद 20 फुटांवर, म्हणजे हॉलमधून गॅलरीतल्या कुंडीकडे, बघावं. फोन पुस्तकाएवढ्या अंतरावर, स्टँडवर, आणि अंगठ्याऐवजी दुसऱ्या हाताच्या तर्जनीने खेळावं. अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागलं असेल तर तो याच खेळाचा प्रताप असू शकतो. झोपायच्या आधीचा तास फोन दुसऱ्या खोलीत.

आणि या खेळांनी बुद्धी तल्लख राहते, स्मरणशक्ती वाढते, असं सांगून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. अमेरिकेत ल्युमॉसिटी हा मेंदूच्या व्यायामाचा गेम बनवणाऱ्या कंपनीला अशाच फसव्या जाहिरातींबद्दल 2016 मध्ये 20 लाख डॉलर मोजावे लागले. माणूस ज्या खेळाचा सराव करतो त्या खेळात तरबेज होतो, एवढंच खात्रीने म्हणता येतं. मजा येते म्हणून खेळावं, तेवढं कारण पुरे आहे. तुमच्या यजमानांनाही हे सांगा. ते जेवताना क्रिकेटचे जुने षटकार बघत असतील तर विशेष करून सांगा.

बोलायचं कसं? 'आई, किती वेळ खेळताय' असं नको. 'आई, तुम्ही कितव्या लेव्हलला आहात? मी 140 वर अडकले' असं विचारा. तुम्हीही खेळता ही तुमची अडचण नाही, तीच जमेची बाजू आहे. दोघी शेजारी बसून एक लेव्हल खेळा आणि हरल्यावर येणारी ती चौकट दोघींनी मिळून वाचा. फुली कुठे आहे ते त्यांना शोधू द्या.

मग त्यांच्यासारख्यांना साजेसा, दुकान नसलेला खेळ समोर ठेवा. पेशन्स खऱ्या पत्त्यांनी मांडता येतो: सात ओळी, पहिलीत एक पान, सातवीत सात, मिळून 28, हातात 24. पण त्यात नशीब बरंच असतं, सगळे डाव सुटत नाहीत, आणि गणिताच्या शिक्षिकेला ते खटकेल. त्यांना फ्रीसेल द्या. 52 पानं पहिल्यापासून उघडी, आठ ओळींत मांडलेली, चारांत सातसात आणि चारांत सहासहा. चार रिकाम्या जागा, प्रत्येकीत एकच पान ठेवता येतं. उतरत्या क्रमाने, लाल-काळं आलटून पालटून ओळी लावायच्या, आणि चारही रंग एक्क्यापासून राजापर्यंत चढवायचे. काहीही लपलेलं नाही, नवं काही पडत नाही. डाव अडला तर चूक जवळजवळ नेहमी आपलीच, आणि मागे जाऊन ती शोधता येते. सुरुवातीला सगळ्यांची एकच चूक होते, चारही रिकाम्या जागा पहिल्या पाच चालींत भरून टाकायची. दोन तरी मोकळ्या ठेवाव्यात आणि एक्के व दुर्र्या कुठे दबल्यात ते बघूनच पहिलं पान हलवावं. खऱ्या पत्त्यांनी खेळलं तर जाहिरातही नाही.

फोनवर घ्यायचा असेल तर मायक्रोसॉफ्टच्या जुन्या क्रमांकांनी डाव देणारं, जाहिराती नसलेलं किंवा एकदाच पैसे घेणारं ॲप निवडा. विंडोजमधल्या मूळ फ्रीसेलमध्ये 1 ते 32,000 असे क्रमांक दिलेले डाव होते, एका क्रमांकाला नेहमी तीच पानं. त्यामुळे तुम्ही मेट्रोत आणि त्या घरी, दोघी एकाच क्रमांकाचा डाव खेळू शकता आणि संध्याकाळी कुणाच्या चाली कमी झाल्या ते ताडून बघू शकता. 1990च्या दशकात खेळवेड्यांनी हे 32,000 डाव आपसांत वाटून घेऊन सोडवायला काढले आणि एक सोडून सगळे सोडवले. 11982 क्रमांकाचा डाव कुणालाच सुटला नाही, आणि तो सुटत नाही हे पुढे संगणकानेही तपासून झालं. पहिले काही दिवस 1 पासून क्रमाने जा. सासूबाईंचा हात बसला की एखाद्या रविवारी सहज म्हणून त्यांना 11982 द्या, आणि कारण निदान चहा होईपर्यंत तरी सांगू नका.